जुनी गाडी, कुणाची?

जुनी गाडी घ्यायची तर कुठल्या कंपनीची घ्यावी, हा प्रश्न आम्हाला लग्नाच्या मांडवात विचारला जातो, मय्यतीहून परतताना विचारला जातो, ईदच्या नमाजनंतर गळाभेट घेता घेताही विचारला जातो. चिपळूणसारख्या गावात तीन पिढ्या गॅरेज चालवणाऱ्या घराच्या वाट्याला हे येणारच. डॉक्टरला रस्त्यात गाठून लोक जीभ दाखवतात, तसंच हे.

विचारणारे बहुतेक ओळखीचेच. प्राथमिक शाळेतले शिक्षक, मासळीचे छोटे व्यापारी, पंचवीस वर्षं आखातात काढून कायमचे परतलेले कुणी चाचा. नवी गाडी यांना परवडत नाही, आणि परवडली तरी पोरीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला त्यांना हात लावायचा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या हाताची गाडी घेणाऱ्याला जाहिरातीचा काही उपयोग नाही. गाडी पहिल्या वर्षी कशी पळते हे त्याला नको असतं, पंधराव्या वर्षी ती कशी वागेल हे त्याला हवं असतं. आणि ते कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आमचे आजोबा कोयना प्रकल्पाचं काम चालू होतं तेव्हा पोफळीला एका ठेकेदाराच्या ट्रकांवर क्लीनर म्हणून लागले आणि फिटर होऊन बाहेर पडले. त्यांच्या हाताखाली अब्बा आणि चाचा तयार झाले, अब्बांच्या हाताखाली आम्ही तिघे भाऊ. इथे ‘आम्ही’ असं लिहिलंय ते मोठेपणा म्हणून नव्हे. यातली कुठली गोष्ट कुणाच्या हातून शिकलो, हे आता वेगळं काढता येत नाही. आणखी एक आधीच सांगून टाकतो. जुन्या गाड्यांवर आमची चूल पेटते. म्हणून आमचं मत ऐकताना वाचकाने त्यातून थोडं वजा करून घ्यावं.

‘टिकाऊ’ या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी मिसळून गेल्या आहेत. एक म्हणजे गाडी क्वचित बिघडते. दुसरी म्हणजे बिघडली तरी दुरुस्त होते, तीही जवळच्या गावात, दिवस मावळायच्या आत आणि खिशाला झेपेल एवढ्या पैशात. लोक पहिली गोष्ट विचारतात आणि वर्षानुवर्षं भोगतात ती दुसरी. फियाट आणि ॲम्बेसेडर या दोन गाड्यांवरून घराघरांत जी भांडणं झाली त्यांचं मूळ यातच आहे.

दोन्हींची मुळं परदेशातली. फियाट ११०० इटलीची. ती आपल्याकडे कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. १९७४ साली तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, पण लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत काढली. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ॲम्बेसेडरचं कित्येक वर्षं १४८९ सीसीचं. कागदावर ॲम्बेसेडर दांडगी वाटते. पण तिला वजनही तसंच ओढायचं असे.

आमच्या भागात गाडीची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्वेला कुंभार्ली घाट आहे, उत्तरेला परशुराम आणि त्यापुढे कशेडी. एप्रिल-मे महिन्यांत कुंभार्ली चढताना फियाट हमखास एखाद्या वळणावर सावली बघून उभी दिसे. बॉनेट उघडं, आणि ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून विडी ओढत बसलेला. इंजिनच्या धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळेनासं व्हायचं. याला बिघाड म्हणायचं की सवय, हे ठरवणं कठीण. पंधरा मिनिटांनी गाडी चालू होई आणि कऱ्हाडला पोचे. तिचं हेड ॲल्युमिनियमचं. पाणी आटलेलं असताना तशीच दामटली की ते वाकडं होई, गॅस्केट उडे. पण सांभाळून चालवणाऱ्याच्या हाती त्या इंजिनचा आवाज शिवणयंत्रासारखा गोड राही.

ॲम्बेसेडरचं ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं. ती तापली तरी फियाटपेक्षा जास्त सोसून घ्यायची. पत्रा जाड. बैलगाडीच्या रस्त्यावर घातली तरी पाटे कुरकुरत का होईना पण निभावून नेत. दुखणं पुढच्या चाकांत. किंगपिनला वेळेवर ग्रीस गेलं नाही की ती झिजायची आणि स्टिअरिंग एकीकडे, गाडी दुसरीकडे. शिवाय जिथे उभी राही तिथे तेलाचा डाग. आमच्या गॅरेजच्या फरशीवरचे डाग बघून काल कोण कुठे उभी होती ते सांगता यायचं. पेट्रोलही ती फियाटपेक्षा जास्त प्यायची. म्हणून पुढे डिझेलची ॲम्बेसेडर आली तेव्हा भाड्याने गाडी चालवणाऱ्यांनी तिलाच जवळ केलं.

मग दोघींत टिकाऊ कोण? मुंबईने टॅक्सीसाठी फियाट निवडली, कोलकात्याने ॲम्बेसेडर. दोन्ही शहरांतल्या ड्रायव्हरांना विचारलं तर ते आपल्याच गाडीची तारीफ करतील, आणि दोघंही खरं बोलत असतील. आमच्या मते यात लोखंडाच्या दर्जापेक्षा शेजाराचा भाग मोठा. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला कारखाना कुर्ल्यातच होता. त्याच कुर्ल्यात सुट्या भागांची आणि भंगाराची दुकानं उभी राहिली. टॅक्सी सकाळी बंद पडली तर दुपारच्या पाळीला रस्त्यावर येई. तीच सोय उत्तरपाड्याने कोलकात्याला दिली. ज्या गावात जिचे भाग मिळतात त्या गावात ती टिकते. आमचं चिपळूण मुंबईच्या एस.टी.च्या टप्प्यात. रात्रीच्या गाडीने कुर्ल्याहून पार्सल सुटलं की पहाटे स्टँडवर हजर. म्हणून इथे फियाट जास्त. ॲम्बेसेडर उरल्या त्या डॉक्टरांच्या, सरकारी लिलावातल्या आणि एका लाकूडवाल्याची.

याचा उलटा दाखला म्हणजे मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. गुणी गाडी. पुढचं अख्खं तोंड मडगार्डसकट उलटून उघडायचं, आणि मेकॅनिक चक्क चाकावर बसून इंजिनचं काम करायचा. अब्बांची ही लाडकी. खाली वेगळी चासी, त्यामुळे वरचा पत्रा गेला तरी गाडी मोडून पडायची नाही. पण ऐंशीच्या दशकात कंपनीचाच कारभार आटोपला आणि एकेका बुशसाठी लोक दोन-दोन महिने थांबू लागले. शेवटची हेरल्ड आमच्याकडून गेली ती चालू स्थितीत, भंगारात.

चासीचा विषय निघाला म्हणून जीप आणि ट्रॅक्सबद्दल सांगायला हवं. वडापवाल्यांनी या गाड्यांवर जे जुलूम केले ते कुठल्याही कारखान्याच्या चाचणीत झाले नसतील. नऊ माणसांच्या जागी सतरा माणसं, टपावर तांदळाची पोती. महिंद्राच्या जुन्या जीपमधलं पेजोचं डिझेल आणि बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समधलं मर्सिडीज घराण्यातलं डिझेल या दोघांची तुलना अजून आमच्यात चालते. धाकटा भाऊ पेजोच्या बाजूचा, कारण ते खोलायला सोपं. थोरल्याचं म्हणणं, ट्रॅक्सचं इंजिन मुळात खोलावंच लागत नाही तर सोपं-कठीण बघायचं कशाला? पंप-नोझल शाबूत आणि तेल वेळेवर बदललेलं असेल तर दोन्ही इंजिनं माणसाला कंटाळा येईपर्यंत चालतात. आराम मात्र दोन्हींत नाही. वडापचे जुने ड्रायव्हर कंबर धरूनच उठतात.

मग मारुती आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला चावी दिली गेली. चिपळूणपर्यंत यायला तिला थोडा वेळ लागला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना ओढ. अब्बांनी पहिल्यांदा बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, “हे इंजिन आहे की खेळणं?” मेकॅनिक मंडळींत तेव्हा पैजा लागल्या होत्या की हे कागदी खोकं आपल्या घाटात वर्षभरही तगणार नाही. झालं उलटंच. सुरुवातीची चार-पाच वर्षं मारुत्या आमच्याकडे फिरकल्याच नाहीत, कारण त्या बिघडल्याच नाहीत. सकाळी चावी फिरवली की चालू. चोक ओढून प्रार्थना करायची गरज नाही. क्वचित बिघडणं म्हणजे काय, हे या देशातल्या मध्यमवर्गाला या गाडीने दाखवलं. हे आमच्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी कबूल करायलाच हवं.

पण पंधराव्या वर्षीची मारुती निराळी. पत्रा पातळ. कोकणात वर्षाचे चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारी हवा. दाराचे खालचे काठ, पायाखालचा फ्लोअर, डिकीतली स्टेपनीची जागा, तिथून कुजायला सुरुवात होते. चासी वेगळी नसल्याने पत्रा हीच तिची हाडं. फियाट-ॲम्बेसेडरचंही खरं तर तसंच, फक्त त्यांची हाडं जाड. दुसरी गोष्ट, जुन्या गाड्या आजारी पडायच्या आधी कुरकुरायच्या. टायमिंगची चेन सैल झाली की महिना-महिना खुळखुळायची. मारुतीचा टायमिंग बेल्ट एका क्षणी तुटतो आणि गाडी जागच्या जागी गप्प. रेडिएटरचा पंखा विजेवर चालणारा. त्याचा स्विच गेला आणि काट्याकडे लक्ष नसलं तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. जुनी मारुती घेणाऱ्याला आम्ही म्हणून दोनच गोष्टी सांगतो. पाय ठेवतो तिथलं मॅटिंग उचलून बघ, आणि बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चाल.

आखातातून येणारे मात्र हे सगळं ऐकून हसतात. त्यांच्याकडे कुवेतच्या, दम्मामच्या कहाण्या. टोयोटा कोरोला चार लाख किलोमीटर चालली, इंजिनला पाना लागला नाही. खोटं नसेल. पण तिथे रस्ता सपाट, गाडीला तासन्तास एकाच वेगात पळायचं, हवा कोरडी. किनारा सोडला तर गंजायला पाणीच नाही. तिथला वैरी ऊन आणि वाळू, इथला पाऊस. एका मुलखातली कीर्ती दुसऱ्या मुलखात जशीच्या तशी चालत नाही. तरीही टोयोटाने २००० साली आपल्याकडे क्वालिस आणली तेव्हा आखातवाल्यांचं म्हणणं निम्म्याहून अधिक खरं ठरलं. वेगळी चासी, साधं २.४ लिटरचं डिझेल, रूप काही खास नाही. २००५ मध्ये ती बंद झाली, पण गणपतीला आणि उरूसाला माणसं वाहून आणणाऱ्या क्वालिस आम्ही अजून बघतो. तिच्याबद्दल वाईट बोलायला आम्हाला फारसं सापडत नाही. भाग महाग, एवढंच. गॅरेजवाल्याने असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणंच आहे.

इथे एक सावधगिरी. ‘आमची ॲम्बेसेडर चाळीस वर्षं चालली’ असं सांगणारा भेटतो. ज्यांची दहाव्या वर्षी मोडीत गेली ते सांगायला येत नाहीत. रस्त्यावर आज दिसणारी प्रत्येक जुनी गाडी ही कुणीतरी जीव लावून राखलेली गाडी आहे. तिच्यावरून तिच्या सगळ्या बहिणींचा अंदाज बांधणं चूक. दुसरं म्हणजे, जुन्या फियाट-ॲम्बेसेडरच्या मीटरला पाचच आकडे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. गाडी एकदा फिरली की तीनदा, ते अल्ला जाणे. त्यातून भाड्याच्या गाड्यांची मीटरची केबल काढून ठेवण्याची चाल. एवढे लाख चालली म्हणून जे दावे होतात त्यांतले बरेचसे असल्या मीटरवर उभे आहेत. आम्ही मीटर बघत नाही. क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, हा त्याच्याही वर गेला. पाणी ओसरल्यावर आमच्या दारात जी रांग लागली तीत तीन गाड्या शेजारी शेजारी होत्या. एक मास्तरसाहेबांची १९९६ ची फियाट, एक वडापची जुनी जीप आणि एक सहा वर्षांची सेदान, तिची कंपनी सांगत नाही. तिन्हींत सीटच्या वर चिखल. मालकांना आम्ही आधीच निरोप दिला होता की चावीला हात लावू नका. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खरंच संपलं.

जीपचे नोझल काढले, सिलिंडरमधलं पाणी हाताने इंजिन फिरवून बाहेर उडवलं, टाकी धुतली, दोनदा तेल बदललं. चौथ्या दिवशी ती सुरू झाली. काळा, मग पांढरा धूर सोडून तिने मोहल्ला उठवला. फियाटला दहा दिवस लागले. डेल्को, पॉइंट, कॉइल, कार्बोरेटर हे सगळं पातेल्यात घालून रॉकेलने धुता येतं, उन्हात वाळवता येतं. मास्तरसाहेब रोज खुर्ची टाकून बसायचे आणि सुट्ट्या भागांवर माशा बसू देत नसत. त्या सेदानचं इंजिनही आम्ही सुकवलं असतं, पण तिचे संगणक सीटखाली आणि पायाशी. एकेका खोक्याची किंमत ऐकून मालक गप्प झाला. विम्यावाल्यांनी ती पूर्ण नुकसानीत काढली. तसं पाहिलं तर सहा वर्षांत ती एकदाही बिघडली नव्हती. तिन्हींमध्ये सगळ्यात कमी बिघडलेली गाडी तीच, आणि परत न आलेली गाडीही तीच. दर वर्षी पूर येत नाही, तेव्हा यावरून नव्या गाड्या वाईट असा अर्थ कुणी काढू नये. घरातल्या बाईमाणसाला रात्री-अपरात्री रत्नागिरीला न्यायचं असेल तर आम्हीही नवीच गाडी काढू.

आता मामला निराळाच झालाय. गाडी किती टिकते हे इंजिन ठरवेनासं झालं, तारीख ठरवते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावर नाही. आमच्या मामूंनी ती आयुष्यभर चालवली. खासगी गाडीला अशी सरसकट बंदी आपल्याकडे नाही. पंधरा वर्षांनी तपासणी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पण त्याची फी सहाशे रुपये होती ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहा हजार. जुन्या गाडीचा धूर वाईट, हे खरं आहे. आम्ही तो रोज गिळतो, आम्हाला सांगायला नको. फक्त धूर मोजायचं यंत्र असताना जन्मतारीख का मोजतात, ते कळत नाही.

पेट्रोलही बदललं. आता त्यात वीस टक्के इथेनॉल. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल आमच्याकडे उधार-उसनवार द्यावी इतकी. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा या पेट्रोलला लवकर विटतात. त्यात नकली मालाचा सुळसुळाट. मागच्या वर्षी एका दुकानातून आणलेला कंडेन्सर डबीवर सही-शिक्का सगळं असूनही आठवड्यात जळाला. फियाटचा अस्सल भाग आता मिळतो तो दुसऱ्या मेलेल्या फियाटमधूनच. जुन्या गाड्या कंपनीच्या नावाने जेवढ्या बदनाम झाल्या त्यातला मोठा वाटा असल्या डब्यांचा.

मास्तरसाहेबांच्या फियाटची पाच वर्षांची मुदत आता भरत आलीय. गेल्या खेपेला, पुराच्या आधी, सहाशे रुपयांत काम झालं होतं. कुवेतहून मुलगा रोज फोन करतो, “अब्बा, मोडीत घाला, मी नवी पाठवतो.” मास्तरसाहेब आम्हाला म्हणाले, “त्याला तिथे बसून काय दिसतं? तुम्ही हिशेब सांगा.” हिशेब केला. दहा हजार फी. पुराच्या चिखलाने दोन्ही बाजूंचा फ्लोअर कुजवलाय, तो कापून नवा पत्रा. ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर. इथेनॉलला टिकतील अशा नळ्या. पंपाचा पडदा कुर्ल्याला एकाकडे आहे म्हणतो, बघून घ्यावा लागेल. सगळं मिळून जी रक्कम झाली तेवढ्यात दहा वर्षांची बरी छोटी गाडी येत नाही, पण तिचा अर्धा हप्ता नक्की येतो. एवढं करून गाडी दिवसाला सहा किलोमीटर चालणार, मशीद, बाजार आणि शाळेची लायब्ररी. आम्ही दोन्ही बाजू मांडल्या आणि वर हेही सांगितलं की कामाचे पैसे आम्हालाच मिळणार आहेत, तेव्हा मुलाशी एकदा बोलून घ्या. दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊनच आले.

पावसाआधी पत्र्याचं काम उरकायला हवं. डावीकडचा फ्लोअर कापून झालाय. आतला आडवा पट्टा वाटला होता त्याहून चांगला निघाला, घासून लाल रंग मारून ठेवलाय. उजवीकडचा शनिवारी घेणार.